जुनं आउटबोर्ड: बोटीत बसवलेल्या टाकीला जोडावं की सुटी टाकीच बरी?

बोटीच्या तळात ८०-१०० लिटरची टाकी आहे आणि मागे लावायला हाताशी एक जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन, आहे. एवढी मोठी टाकी असताना पायात लुडबुडणारा सुटा डबा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण हा निर्णय टाकीकडे बघून घेता येत नाही. आधी इंजिनाला येणारी पेट्रोलची नळी बघा. ती एकेरी आहे की दुहेरी?

दोन नळ्या एकमेकींना चिकटून येत असतील तर ते बहुधा १९५०च्या दशकातलं जॉन्सन किंवा एव्हिनरूड कंपनीचं इंजिन असणार. या इंजिनांत पेट्रोलचा पंपच नसतो. क्रँककेसमधली (इंजिनातल्या पिस्टनखालच्या बंद कप्प्यातली) हवा एका नळीतून टाकीत जाते, टाकीत थोडा दाब साठतो आणि त्या रेट्यानं पेट्रोल दुसऱ्या नळीतून कार्बोरेटरपर्यंत चढतं. त्यांची मूळ टाकी हा दाब धरण्यासाठीच बनवलेली असते. बोटीत बसवलेल्या टाकीला मात्र बाहेर उघडणारी हवेची वाट असते, त्यामुळे तिच्यात दाब टिकतच नाही. मग कुणीतरी ती वाट बंद करायचा सल्ला देतं. तो अजिबात ऐकू नका. ५० बाय ४० सेंटिमीटरच्या सपाट भिंतीवर ५ पीएसआय (चौरस इंचाला ५ पाउंड) दाब म्हणजे जवळजवळ ७०० किलोचा भार होतो. टाकीची शिवण उकलली तर पेट्रोल फळ्यांखाली साचेल आणि ते तुम्हाला दिसणारही नाही.

दुहेरी नळीवाल्यांपुढे मग तीन वाटा उरतात. पहिली म्हणजे मूळची दाबाची टाकी दुरुस्त करून वापरणं. झाकणाचं गॅस्केट आणि नळीच्या टोकाच्या रबरी रिंगा बदलल्या की बरीचशी दुखणी मिटतात, आणि इंजिनाला हात लावावा लागत नाही. दुसरी वाट म्हणजे डायफ्रामचा, म्हणजे लवचीक पडद्याचा, पंप बसवणं. हा पंप क्रँककेसमधल्या दाब-ओढीच्या ठोक्यांवर चालतो, त्याला वीज लागत नाही. यात एक मेख आहे. जुन्या रचनेतल्या एकेरी झडपा फक्त दाबच बाहेर सोडतात, ओढ अडवतात. त्या काढल्या किंवा वळसा देऊन टाळल्या नाहीत, तर पंप बसूनही थेंब येत नाही आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो. हवेची रिकामी झालेली वाटही नीट बुजवावी लागते.

तिसरी वाट विजेच्या पंपाची. बसवायला ती सर्वांत सोपी, आणि माझ्या मते सर्वांत वाईट. नळी निसटली किंवा इंजिन आपोआप बंद पडलं, तरी हा पंप बोटीत पेट्रोल ओततच राहू शकतो. वर बॅटरी हवी, आणि या वयाच्या लहान इंजिनांत ती चार्ज करायची सोय सहसा नसते. नाकापेक्षा मोती जड!

नळी एकेरी असेल आणि इंजिनावर पंप असेल, तर जोडणी सरळ आहे. वयाप्रमाणे डायफ्राम तेवढा नवा घाला. पण ‘जोडता येतं’ आणि ‘जोडावं’ यांत फरक आहे, आणि तो ऑइलमुळे पडतो, कारण या टू-स्ट्रोकना ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. ८० लिटरला ५०:१ (पेट्रोल:ऑइल) प्रमाणात १.६ लिटर ऑइल लागतं. २४:१ मागणाऱ्या जुन्या इंजिनाला तेच सव्वातीन लिटरच्या पुढे जातं. सुट्या टाकीत मोजून ओतलं, हलवलं, झालं. बसवलेली टाकी हलवता येत नाही, आणि अर्धवट भरलेल्या टाकीत किती पेट्रोल उरलंय हे काट्यावरून सांगणं म्हणजे अंदाजपंचे. आधी त्याच टाकीवर फोर-स्ट्रोक चालत असेल तर आत साधं पेट्रोल आहे, आणि ते बिनऑइलचं पेट्रोल टू-स्ट्रोकला जाम करून ठेवेल.

शिवाय १० एचपीचं जुनं टू-स्ट्रोक पूर्ण वेगात ताशी साधारण ४ लिटर पितं. म्हणजे ८० लिटर संपायला २० तास. अधूनमधून फेरी मारणाऱ्याचं पेट्रोल तोवर शिळं होतं, आणि त्यात इथेनॉल असेल तर ते ओलही धरतं. लांब पल्ल्याला रोज जाणाऱ्याला ही अडचण नाही. त्याला मोठी टाकी खरंच सोयीची, आणि वजन तळात राहतं हा फायदा वेगळा. सुटी टाकी वापरणाऱ्यानं ती बोटीबाहेर जमिनीवर ठेवूनच भरावी आणि इंजिन चालवताना झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडावा.

बसवलेल्या टाकीवर जायचं ठरलंच, तर आधी तिच्या तळाचं जुनं पेट्रोल, पाणी आणि गाळ उपसा. इंजिनाआधी पाणी वेगळं करणारा फिल्टर घाला. टाकीच्या तोंडाशी बहुतेक वेळा उलटा निचरा रोखणारी स्प्रिंगची झडप असते. ती काढू नका, कारण नळी फुटली तर टाकी आपोआप रिकामी होणं तीच थांबवते. पण ती अडकली की जुन्या पंपाची ओढ पुरत नाही. हे ओळखायला हातपंपाचा रबरी बल्ब बघा. इंजिन चालू असताना तो चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: झडप, हवेची वाट किंवा आतली चोखनळी. बल्ब मऊच राहत असेल, दाबूनही घट्ट होत नसेल, तर कुठून तरी हवा शिरतेय. दाबताना बल्ब उभा धरा, त्यावरचा बाण वर इंजिनाकडे.

मी तर दोन्ही टाक्यांच्या नळ्यांना इंजिनाचाच कनेक्टर लावून घेईन. बसवलेल्या टाकीनं कुरकुर केली की सुटी टाकी लावून बघायची. त्यावर इंजिन सुरळीत चाललं तर इंजिन खोलायचं कारणच नाही.