एए मिटिंगचा रिव्ह्यू, १४ महिने कोरडा राहिल्यावर

फी शून्य, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच नाही. आडनाव नाही, आधार कार्ड नाही, अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांनी चालू केलं, एक शेअर बाजारातला आणि एक चक्क सर्जन, पण हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तरी काय उपयोग, मी बायकोने आणून सोडलं म्हणून आलेलो आणि डोक्यात एवढंच की कधी सुटतंय.

आमची मिटिंग शाळेच्या वर्गात भरते, तोही पहिलीच्या. गुडघे बाकात मावत नाहीत, भिंतीवर अ अननसाचा आणि त्याच्याखाली रिक्षावाला, बँकेतले साहेब, मी, सगळे एका रांगेत. एकेक जण नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि बोलतो, मधे तोंड घालायचं नाही, अक्कल शिकवायची नाही. शेवटी डबा फिरतो, जमेल त्याने दहा-वीस टाकायचे, त्यातूनच चहा आणि भाडं, बाहेरची देणगी घेतच नाहीत.

याच्याआधी मी महिनाभर एका खाजगी सेंटरला होतो, नाव घेत नाही. दाबून पैसे घेतले. अंगातली दारू काढली हे खरं, झोप लागायला लागली, वजन वाढलं, आणि डिस्चार्जला हातात गोळ्यांची पिशवी देऊन "आता परत पिऊ नका", संपलं. नवव्या दिवशी मी बारमध्ये.

एएमध्ये आल्यावर पण घसरलोच, खोटं कशाला बोलू. पाच महिने झालेले, चुलतभावाची हळद, कोणीतरी हातात ग्लास दिला आणि घेतला. नंतर मान खाली घालून मिटिंगला गेलो, म्हटलं आता आपली आरती होणार. तर आमचे सत्तरीतले एक काका आहेत, माझे स्पॉन्सर, म्हणजे जुना माणूस जो नव्याला धरून ठेवतो, ते चहा पुढे करत म्हणाले, "प्यायलास कधी ते राहू दे. मिटिंग पहिल्यांदा कधी बुडवलीस ते सांग."

मोजायला लागलो तर सहा आठवडे मागे गेलो. पहिली बुडवली पाऊस होता म्हणून, दुसरी ओव्हरटाइम म्हणून, मग बायकोला थाप की आज मिटिंगच नाहीये, आणि प्यायलेलो नसताना मारलेली ती पहिली थाप. मग घरी येताना वाईन शॉपवरचा रस्ता, का तर म्हणे तिकडून सिग्नल कमी लागतात. जेवण अवेळी, झोप नाही, सुपरवायझरवर डोकं फिरलेलं आणि घरात कोणाशी बोलणं नाही. काका म्हणाले भूक, राग, एकटेपणा, थकवा, यातले दोन जरी जमले तरी मला फोन करायचा, चार व्हायची वाट बघायची नाही. हळदीतला ग्लास ही नुसती पावती होती, खरेदी आधीच झालेली.

नायडा म्हणून अमेरिकेची व्यसनांवरची सरकारी संशोधन संस्था आहे, ती सांगते १०० पैकी ४० ते ६० जण परत घसरतात, आणि बीपी, दम्याच्या पेशंटचंही साधारण तसंच असतं. बीपी वाढलं म्हणून कोणी लाज काढतं का? गोळी बदलतात, मीठ कमी करतात. हे कळल्यावर माझं शरमेपोटी पुढचे चार दिवस पिणं वाचलं.

आता जे पटत नाही ते. 'उच्चशक्ती' हा शब्द सारखा येतो, मी देवभोळा नाही, काका म्हणाले मग या बाकांवर बसलेली माणसं धर उच्चशक्ती, ते चाललं मला. आणि इथे डॉक्टर नसतो हे नीट समजून घ्या. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, तीन-चार दिवसांत भास होतात, जिवावर बेततं, म्हणून आधी हॉस्पिटल किंवा चांगलं केंद्र (पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे), मग मिटिंग. आणि वहिनी लोकांनो, भाजीत गुपचूप दारू सोडवायची गोळी कालवू नका, ती गोळी म्हणजे डायसल्फिराम, तिच्यावर दारू प्यायली तर बीपी धाडकन खाली येतं, ती माणसाला सांगूनच, डॉक्टरच्या देखरेखीत द्यायची असते. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनची वेगळी मिटिंग असते, आमची ही तिकडे जाते. पूर्वी दार उघडल्याउघडल्या माझं तोंड हुंगायची, आता सरळ विचारते.

चार स्टार. एक बाकांचा कापला. गेल्या महिन्यापासून चहाची ड्युटी माझ्याकडे आलीये, शुक्रवारी साडेसातची मिटिंग म्हणजे मला पावणेसातला दूध घेऊन पोचावं लागतं, त्यामुळे पाऊस असला तरी बुडवता येत नाही.