बख्तरबंद गाडीचं साहित्य: पत्रा पास, सांधा नापास

बुलेटप्रूफ गाडीच्या माहितीपत्रकात पत्र्याची जाडी ठळक अक्षरात असते. तो पत्रा दाराच्या काठाशी कसा बसवलाय, हे बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं. रायफलच्या गोळीपासून संरक्षण देणाऱ्या, म्हणजे युरोपीय मानकांतल्या एफबी६ आणि बीआर६ पातळीच्या गाडीत जे साहित्य जातं, त्याचा हा आढावा. या दोन्ही पातळ्या 7.62×51 ची (गोळीचा व्यास आणि काडतुसाच्या नळीची लांबी, मिमीत) शिशाच्या गाभ्याची गोळी 830 मीटर प्रति सेकंद वेगाने मारून तपासतात. एफबी हा पत्र्याचा निकष आहे आणि बीआर काचेचा. विक्रेता नुसतं ‘बी६’ म्हणत असेल तर दोन्हींचे कागद वेगवेगळे मागायचे.

पोलादापासून सुरुवात करू. कामाचा पत्रा म्हणजे 500 ब्रिनेलच्या आसपास कडकपणा असलेलं बॅलिस्टिक पोलाद. या पातळीला साधारण 6.5 मिमी जाडी लागते. हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटर पत्र्याच्या प्रत्येक मिलीमीटरला 7.85 किलो, म्हणजे 6.5 मिमीला 51 किलो. चिलखतभेदी गोळीसाठी जाडी दुप्पट किंवा त्याहून जास्त होते, वजनही. किमतीच्या मानाने पोलादाला तोड नाही. एकाच जागी जवळजवळ गोळ्या बसल्या तरी ते टिकतं, उन्हापावसाने त्याचं फारसं बिघडत नाही आणि वीस वर्षांनीही त्याची ताकद मोजता येते. पूर्ण गुण द्यायला हरकत नाही, फक्त एक मेख आहे. 5.56 ची हलकी पण फार वेगवान गोळी कधीकधी जड 7.62 पेक्षा पोलादाला जास्त त्रास देते, कारण अशा पत्र्याच्या बाबतीत वजनापेक्षा वेग भारी पडतो. म्हणून प्रमाणपत्रावर दोन्ही गोळ्यांची नोंद हवी. एफबी६ मध्ये दोन्ही येतात.

खरी नासाडी वर्कशॉपमध्ये होते. हा पत्रा कडक करून मग कमी तापमानाला पुन्हा तापवून घेतलेला (टेम्पर केलेला) असतो. तो 200 अंश सेल्सिअसच्या वर तापला की कडकपणा उतरायला लागतो. गॅसकटरने कापला की काठाला मऊ पट्टा तयार होतो, वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंना तसाच. चांगली मंडळी वॉटरजेट किंवा लेझरने कापतात, वेल्डिंगला ऑस्टेनिटिक (मऊ, लवचीक जातीची) स्टेनलेस तार वापरतात आणि थांबत थांबत छोटे टाके घालतात. टाका स्वतः मऊच असतो, ते टाळता येत नाही. त्यामुळे प्रत्येक सांध्यामागे त्याच पत्र्याची पट्टी यायला हवी, इतकी रुंद की मऊ झालेला भाग पूर्ण झाकला जाईल. नुसती कड कडेला भिडवून वर टाका घातलेला दिसला तर ती गाडी तिथेच नापास करावी. वाकवण्याचंही तसंच: वळणाची त्रिज्या जाडीच्या चार-पाच पट ठेवावी लागते. त्यापेक्षा आवळलं तर बाहेरच्या अंगाला केसासारख्या चिरा पडतात आणि रंगाखाली त्या कधीच दिसत नाहीत.

दार उघडून काठाकडे पाहावं. दाराचा पत्रा आणि खांबाचा पत्रा एकमेकांवर चढलेले असायला हवेत, म्हणजे तिरकी आलेली गोळी फटीतून आत सरकणार नाही. कुलपाची खोबण, आरशाचा बोल्ट, बिजागरीची जागा, वायरींची भोकं, सीटबेल्टचं यंत्र असलेला मधला खांब: जिथे मूळ गाडीला भोक आहे तिथे मागे वेगळा तुकडा हवा. ओव्हरलॅप म्हणतात तो हाच, आणि दोन गाड्यांच्या किमतीतला फरक बऱ्याचदा इथेच मुरलेला असतो.

आता काच. बीआर६ ची काच साधारण 40 मिमी जाड असते: काचेचे थर, मधे पीव्हीबी किंवा पॉलियुरेथेन या चिकट प्लास्टिकचे पापुद्रे आणि आतल्या अंगाला पॉलिकार्बोनेट, म्हणजे चिवट पारदर्शक प्लास्टिक. बाहेरची काच गोळी चेपते आणि फोडते, पॉलिकार्बोनेट उडणारे तुकडे अडवतं. वजन ऐकून बरेचजण चमकतात. चौरस मीटरला 90 किलोच्या आसपास, म्हणजे त्याच पातळीच्या पोलादापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट. अर्धा चौरस मीटरची खिडकी 45 किलोची, त्याखाली पाऊण चौरस मीटर पत्रा 38 किलोचा. मूळ बिजागरीवर 80 किलोंच्या वर जादा भार. बिजागऱ्या बदलल्या नसतील तर काही महिन्यांत दार खाली लोंबतं, काठ जुळेनासे होतात आणि मेहनतीने बसवलेला ओव्हरलॅप वाया जातो.

बीआर चाचणीत 500 मिमी चौरस नमुन्यावर 120 मिमी बाजूच्या त्रिकोणात तीन गोळ्या मारतात. गोळ्या याहून जवळ पडल्या, किंवा काचेच्या काठाशी पडल्या, तर त्या प्रमाणपत्राचं संरक्षण गृहीत धरता येत नाही. काठ सगळ्यात कमजोर, म्हणून चौकटीचं पोलाद काचेच्या काठावर चढलेलं असायलाच हवं. प्रमाणपत्रावर ‘एनएस’ असेल तर आतल्या बाजूने किरच्या उडत नाहीत, ‘एस’ असेल तर उडतात. गाडीत माणूस काचेपासून हातभर अंतरावर बसतो, त्यामुळे ‘एस’ घेऊच नये.

काचेचा मोठा दोष म्हणजे थर सुटणं. तापल्यावर पॉलिकार्बोनेट काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावतं, मधला चिकट थर ती ओढाताण सोसतो. सतत उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत आधी कोपऱ्यात बुडबुडे येतात, मग दुधी डाग आत सरकतात. पॉलियुरेथेनचा थर पीव्हीबीपेक्षा ही ओढाताण बरीच चांगली झेलतो. आतली बाजू अमोनिया किंवा सॉल्व्हंट असलेल्या काचसफाईच्या फवाऱ्याने पुसली की पॉलिकार्बोनेटवर जाळीदार तडे पडतात. साधं पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, एवढंच. ही चूक सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त होणारी.

धाग्यांचं साहित्य दोन प्रकारचं. अरामिड, म्हणजे केव्हलार किंवा ट्वारॉन, उष्णता चांगली सोसतं, पण ऊन आणि ओल त्याला मानवत नाही; कापलेले काठ बंद केलेले हवेत. रायफलसाठी एकटं अरामिड फार जाड होतं. पोलादामागे किरच्या अडवणारं अस्तर म्हणून मात्र ते उत्तम. अतिउच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीन, म्हणजे डायनिमा किंवा स्पेक्ट्रा, पाण्यावर तरंगतं आणि शिशाच्या गाभ्याची गोळी पोलादाच्या निम्म्याहून कमी वजनात थोपवतं. पण पोलादी टोकाची गोळी त्यात सहज घुसते, आणि तापमान वाढलं की ते ढिलं पडतं. इंजिनच्या आडभिंतीला किंवा एक्झॉस्टजवळ पॉलिइथिलीन लावणारा कारागीर वजन वाचवतोय, माणूस नाही. शिवाय गोळी अडली तरी पॉलिइथिलीनची फळी आत फुगते, म्हणून मागे मोकळी जागा सोडावी लागते. दाराच्या आतल्या कापडाला टेकलेली फळी चुकीची.

सिरॅमिकबद्दल थोडक्यात. ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड, बोरॉन कार्बाइड हे उतरत्या वजनाचे आणि चढत्या किमतीचे पर्याय. चिलखतभेदी गोळीसाठी पोलादापेक्षा पुष्कळ हलके, पण टाइल एकदा फुटली की तिथे दुसरी गोळी अडेलच असं नाही, आणि मागे धाग्यांचा आधार नसेल तर टाइलचा उपयोगच नाही. एफबी६ साठी यात पैसे घालायची गरज नाही.

ताबा घेताना चार गोष्टी कराव्यात. पत्र्याचा हीट नंबर (ओतकामाच्या घाण्याचा क्रमांक) पोलाद कारखान्याच्या प्रमाणपत्राशी जुळवावा. अल्ट्रासॉनिक गेजने दाराची जाडी चार-पाच ठिकाणी मोजावी. हातात धरायच्या कडकपणा-मापकाने वेल्डपासून लांब आणि वेल्डजवळ अशी दोन मापं घ्यावीत. जवळचं माप खूप उतरलं असेल तर मागे पट्टी आहे का ते आतलं आवरण काढून बघावं. आवरण काढू देत नसतील तर तिथेच थांबावं. शेवटी गाडी पूर्ण सामानासकट वजनकाट्यावर न्यावी आणि पुढच्या-मागच्या अॅक्सलचं वजन ब्रेक, स्प्रिंग आणि टायरच्या भारक्षमतेशी ताडून पाहावं. 10 चौरस मीटर पत्रा आणि 3 चौरस मीटर काच धरली तरी 780 किलो होतात, आणि त्यात माणसं अजून बसलेली नाहीत.