मारुती की टाटा: गोव्याच्या पावसात ठरलेली निवड

चवथ महिन्या-दीड महिन्यावर आली की आमच्या डिचोली-साखळी भागात हा प्रश्न घरोघर निघतो. नवी गाडी गणपतीआधी दारात यावी असं प्रत्येकाला वाटतं, आणि बजेट दहा लाखांच्या आसपास असलं की बोलणं शेवटी दोन नावांवर येऊन थांबतं: मारुती आणि टाटा. मी स्वतः कित्येक महिने या दोघांमध्ये अडकलो होतो. एका बाजूला टाटाची नेक्सॉन, दुसऱ्या बाजूला मारुतीची नवी डिझायर. शेवटी डिझायर घेतली. ती का घेतली ते सांगतो, पण टाटा घेणाऱ्याचं चुकतंय असं मला अजिबात म्हणायचं नाही. मायलेज, बूट, सनरूफ हे सगळं तुम्ही आधीच पाहिलेलं असणार, त्यात शिरत नाही. मला बोलायचं आहे ते या दोन कंपन्या कुठून आल्या आणि त्या येण्याचा आपल्या दारातल्या गाडीवर काय परिणाम होतो, याबद्दल.

टाटाचं नाव आमच्या तालुक्यात कारमुळे झालं नाही, खाणींमुळे झालं. डिचोली, सत्तरी, सांगे इथे ज्यांच्या घरात कधीकाळी खनिजाचा टिप्पर होता, त्यांना टाटाचा पत्रा, टाटाची चेसी, टाटाचं इंजिन तोंडपाठ. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत या ट्रकांवर शेकडो घरं चालली. शिवाय सत्तरीतल्या होंडा आणि भुईपाल या गावांत ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा ही कंपनी आहे. १९८० मध्ये टाटांनी गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळाबरोबर ती उभी केली. बसच्या बॉड्या तिथे बनतात, पत्र्याचे भाग दाबून निघतात. वाळपईच्या बाजूला अशी घरं आहेत की ज्यांच्यात बाप त्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि मुलगा तिथेच लागला. असा माणूस टाटाची गाडी घेतो तेव्हा त्याच्या मनात आपल्या हाताच्या कामाविषयीचा मान असतो. तो मान मला फार मोलाचा वाटतो.

कंपनी मुळात ट्रकवाली. १९४५ मध्ये टेल्को म्हणून रेल्वे इंजिनांपासून सुरुवात, १९५४ पासून पंधरा वर्षं डायम्लर-बेन्झबरोबर ट्रक. कार बनवायला ती खूप उशिरा आली. १९९१ ची सिएरा, १९९४ ची सुमो या ट्रकच्याच घराण्यातल्या. पहिली खरी कार म्हणजे इंडिका, डिसेंबर १९९८. ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून, जहाजाने आणून पुण्यात उभा केला आणि त्यावर आपली स्वतःची गाडी बनवली. एका भारतीय कंपनीने आराखड्यापासून इंजिनापर्यंत जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पहिल्या इंडिकांबद्दल तक्रारी भरपूर आल्या. टाटांनी त्या ऐकल्या, भाग बदलून दिले आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आणली. ती मग टॅक्सीवाल्यांनी डोक्यावर घेतली.

टाटाच्या लौकिकाचे दोन्ही चेहरे मला या एका गोष्टीत दिसतात. धाडस मोठं, नियत स्वच्छ, पण सुरुवातीच्या गाड्यांत कुठे ना कुठे कसर राहते आणि ती पुढच्या आवृत्तीत भरून निघते. नॅनोचंही धाडस तसंच होतं. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचं आंदोलन, कारखाना गुजरातेत साणंदला हलवणं, आणि लाख रुपयांच्या गाडीचं स्वप्न लोकांनी ‘स्वस्तातली गाडी’ म्हणून नाकारणं. तरीही २००८ मध्ये याच कंपनीने फोर्डकडून जग्वार-लँड रोव्हर घेतली आणि पुढे सावरून दाखवली.

मारुतीची गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. १९७१ मध्ये संजय गांधींची मारुती लिमिटेड निघाली. ती एकही गाडी धड बाजारात न आणता बुडाली. फेब्रुवारी १९८१ मध्ये सरकारने मारुती उद्योग स्थापन केली, १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला, जपानी वाटा २६ टक्के. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. अ‍ॅम्बॅसेडर आणि फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणाऱ्या देशात ७९६ सीसीची ती छोटी गाडी किल्ली फिरवताच चालू व्हायची, आणि लोकांना याचंच अप्रूप होतं. गोव्यात तिच्यापेक्षाही जास्त भाव व्हॅनला आला. शाळेची मुलं, लग्नाची भांडी, भजनी मंडळाची पेटी-तबला, सगळं त्या ओम्नीत मावलं. आमच्याकडे लोक अजूनही तिला फक्त ‘व्हॅन’ म्हणतात.

या इतिहासात एक भाग असा आहे की त्यावर फारसं बोललं जात नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला मारुतीचे बहुतेक भाग जपानहून पेट्यांत भरून यायचे. सरकारची अट होती की ते इथे बनले पाहिजेत. म्हणून कंपनीचे तेव्हाचे प्रमुख व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव यांच्या काळात कंपनीने पुरवठादारांची अख्खी फळी उभी केली. कुठे स्वतः भागीदारी घेतली, कुठे जपानी कंपन्यांची इथल्या उद्योजकांशी गाठ घालून दिली. काच, दिवे, सीट, स्टिअरिंग, वायरिंग, प्रत्येकाचे वेगळे कारखाने निघाले. त्यामुळे मारुतीची गाडी देशभर पसरली तसे तिचे सुटे भागही पसरले, म्हापशाच्या आणि फोंड्याच्या दुकानांच्या फळ्यांपर्यंत. सरकार २००७ मध्ये पूर्ण बाहेर पडलं, नाव मारुती सुझुकी झालं, पण ती फळी तशीच राहिली. आज देशात विकल्या जाणाऱ्या दर दहा कारांपैकी साधारण चार मारुतीच्या असतात, त्याला हे मोठं कारण आहे. मारुतीच्या पाटीवर डाग नाही असंही नाही. १८ जुलै २०१२ ला हरियाणातल्या मानेसरच्या कारखान्यात जो हिंसाचार झाला, त्यात एका अधिकाऱ्याचा जीव गेला, आणि कंत्राटी कामगारांचा प्रश्न किती चिघळला होता हे सगळ्या देशाला दिसलं.

इंजिनावरून या दोन कंपन्यांत फार भांडू नये असं माझं मत आहे. एका काळात स्विफ्ट डिझेल आणि इंडिका व्हिस्टा डिझेल या दोन्हींच्या पोटात फियाटचंच १.३ लिटरचं इंजिन होतं. एकाने त्याला एक नाव दिलं, दुसऱ्याने दुसरं. तरी स्विफ्टवाला आणि व्हिस्टावाला आपापल्या गाडीबद्दल वेगवेगळं बोलायचे. म्हणजे माणूस ज्याला ‘गाडी चांगली’ म्हणतो त्यात इंजिनापलीकडचं बरंच काही असतं.

आता टाटाची सर्वांत बळकट बाजू. २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय गाड्यांच्या धडक-चाचण्या जाहीर केल्या तेव्हा अल्टो, स्विफ्ट आणि नॅनो तिन्हींना शून्य तारे मिळाले. दोघेही एकाच पायरीवर उभे होते. टाटाने ते मनावर घेतलं. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली, मागोमाग अल्ट्रोझ, पंच. मारुतीला मात्र २०२३ मध्येही वॅगन-आरवर एक तारा मिळाला. इतकी वर्षं देशातली सर्वांत मोठी कंपनी असून हे व्हावं, याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला पाच तारे मिळाले नसते, तर माझं पारडं बहुधा नेक्सॉनकडेच झुकलं असतं. टाटाने लावलेल्या या दबावाशिवाय मारुती तिथवर आली असती, असं मला वाटत नाही. तेव्हा माझ्या डिझायरच्या सुरक्षिततेचं थोडं श्रेय मी टाटालाही देतो.

मग निवड कशावर झाली? एका काचेवर.

माझी आधीची गाडी या दोघांपैकी कुणाचीच नव्हती. नाव सांगत नाही, कारण बाकी सर्व बाबतीत ती गुणी होती. जून संपता संपता, पाऊस धो-धो कोसळत असताना, ड्रायव्हरच्या बाजूची काच दाराच्या आत कोसळली. काच फुटली नव्हती, तिला वरखाली करणारं यंत्र तुटलं होतं. आमच्या मेस्ताने, म्हणजे मेकॅनिकने, दार उघडून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘काम अर्ध्या तासाचं, पण भाग आणून द्या.’’ तो भाग कुठेच नव्हता. पणजीत नाही, मडगावात नाही, बेळगावहून निरोप आला की ऑर्डर टाकावी लागेल. मग त्या जागी प्लॅस्टिक ताणून चिकटपट्टी लावली. साखळीहून पणजीला पोचेपर्यंत वाऱ्याने ती सुटायची, उजवा खांदा भिजायचा, सीटचा स्पंज पाणी प्यायचा. आठवड्याभरात गाडीत बुरशीचा वास भरला. आईला डॉक्टरांकडे नेताना तिने नाकाला पदर लावला, तो प्रसंग मला फार लागला. गाडीचं इंजिन ठणठणीत, टायर नवे, आणि एका किरकोळ भागासाठी आम्ही अख्खा आषाढ ओले झालो.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. किनाऱ्याजवळ त्यात खारी हवा मिसळते. रबर, वायपर, दाराच्या पट्ट्या, विजेचे जोड इथे जितक्या लवकर दमतात तितके देशावर दमत नाहीत. म्हणजे इथे गाडीवाल्याला वारंवार लागतात ते हेच किरकोळ भाग. त्या पावसाळ्यानंतर मी कुठलीही गाडी पाहिली की पहिला प्रश्न हाच विचारायचो: हिच्या काचेचं यंत्र म्हापशात मिळेल का?

मी दुकानं फिरलो. टाटाचे भाग मिळत नाहीत असं मुळीच नाही. नेक्सॉन आणि पंच इतक्या खपल्या आहेत की (२०२४ मध्ये पंच देशातली सर्वांत खपाची गाडी ठरली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा मारुतीखेरीज दुसऱ्या कुणाचं नाव तिथे आलं) आता त्यांचेही भाग सगळीकडे दिसू लागले आहेत. पण मला असं जाणवलं की टाटाच्या भागासाठी दुकानदार बहुधा कंपनीच्या केंद्राकडे बोट दाखवतो, आणि मारुतीच्या भागासाठी तो मागच्या फळीकडे वळतो. माझ्या ओळखीच्या मेस्तांचंही थोड्याफार फरकाने हेच म्हणणं पडलं. माझी पाहणी पाच-सहा दुकानांपलीकडे गेली नाही, तुमच्या गावात चित्र वेगळं असू शकतं. नव्या डिझायरचं तीन सिलिंडरचं इंजिनही ताजं आहे, आमच्या मेस्ताने ते अजून उघडलेलं नाही. पण दार, काच, वायपर, ब्रेक या बाबतीत मी निर्धास्त आहे, आणि इथल्या पावसात मला ती निश्चिंती सर्वांत मोठी वाटते.

चालवायला नेक्सॉन मला जास्त आवडली होती, हे खरं आहे. दार बंद करताना येणारा भरीव आवाज, उंच बसणं, चोर्ला घाटातल्या वळणांवर तिचा पाय पक्का वाटणं. डिझायरसारखी सेडान बुटकी असते. ओहोटीच्या वेळी फेरीबोटीच्या उतारावर तिला तिरकी आणि सावकाश घालावी लागते, नेक्सॉन सरळ उतरते. ज्यांचं घर दिवाडीवर किंवा तशाच एखाद्या बेटावर आहे, त्यांनी माझं न ऐकता उंच गाडीच घ्यावी. उलट चवथीचा बाजार, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या मांडवाचं) सामान, नारळ, भाजी यांसाठी डिझायरची डिकी आमच्या घराला फार सोयीची पडली.

विजेची गाडी हवी असेल तर माझा कौल सरळ टाटाला. गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम शंभर किलोमीटरचा. पेडण्याहून काणकोण गाठून रात्री परत यायचं म्हटलं तरी चांगल्या बॅटरीला ते जमण्यासारखं आहे. नेक्सॉनची विजेवरची आवृत्ती जानेवारी २०२० पासून रस्त्यावर आहे, इतक्या वर्षांचा अनुभव त्यांच्या पदरी आहे. मारुतीने ई-विटारा बनवायला घेतली ती ऑगस्ट २०२५ मध्ये. इथे मारुती नवखी आहे आणि मी तरी तिची दोन-तीन वर्षं वाट पाहीन. पावसात वीज जाते तेव्हा चार्जिंगचं काय, हे मात्र आपापल्या गावचा फीडर पाहून ठरवा.

पेट्रोलचीच घ्यायची असेल आणि रोज मोपा विमानतळाच्या नाहीतर मडगावच्या महामार्गावर वेगात जाणं असेल, तर नेक्सॉन मनातून काढू नका. गावात राहणं, ओळखीच्या मेस्ताकडे काम, घरात वयस्क माणसं आणि गाडी दहा-बारा वर्षं टिकवायचा विचार असेल, तर मी डिझायरकडे बोट दाखवीन. बुकिंगचे पैसे भरण्याआधी एक दुपार काढा. शोरूमला नंतर जा, आधी म्हापसा किंवा फोंड्याच्या बाजारात सुट्या भागांच्या दोन-तीन दुकानांत जाऊन तुमच्या मनातल्या गाडीच्या काचेचं यंत्र, वायपरची मोटर आणि बाजूचा आरसा मागा. भाग समोर आहे, उद्या मिळेल, की ऑर्डर टाकावी लागेल, एवढंच वहीत लिहून घ्या, आणि तो कागद घेऊन मग शोरूमची पायरी चढा.