फ्लेक्सप्लेटची डुगडुग आणि साधं डायल गेज: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ट्रकमध्ये फ्लेक्सप्लेट (इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे क्रँक, आणि गिअरबॉक्सकडे तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर यांना जोडणारी गोल प्लेट) किती डुगडुगते आहे, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. खालचं झाकण काढून इंजिन फिरवलं की प्लेटच्या कडेचा दातेरी रिंग गिअर थोडा मागेपुढे होताना दिसतोच. प्लेटचा पत्रा पातळ असतो आणि थोडं लवणं हेच त्याचं काम आहे. तेवढ्या दिसण्यावरून सत्तर किलोच्या घरातला गिअरबॉक्स उतरवण्यात अर्थ नाही. १० मिमी रेंजचं, ०.०१ मिमी लीस्ट काउंटचं (म्हणजे एवढा बारीक फरक दाखवणारं) प्लंजर डायल गेज, ज्याची दांडी दाबली की काटा फिरतो, आणि मॅग्नेटिक बेस एवढ्यावर निदान कुठवर जातं, त्याचा हा अनुभव. ट्रक आहे शेवरोले सिल्व्हरॅडो १५००, १९९९ ते २००६ च्या पिढीतला: ५.३ लिटरचं एलएम७ व्ही-८ इंजिन आणि मागे चार गिअरचा ४एल६०-ई गिअरबॉक्स.

गेजला हात घालण्याआधी तक्रार खरंच फ्लेक्सप्लेटची आहे का, ते पाहावं. थरथर इंजिनाच्या आरपीएमबरोबर वाढत असेल, गाडी उभी असताना न्यूट्रलमध्येही त्याच आरपीएमला येत असेल, तर टायर आणि प्रोपेलर शाफ्ट यादीतून गेले. तडा गेलेल्या प्लेटची खटखट कनेक्टिंग रॉडच्या आवाजासारखी वाटते, आणि नेमकं इथेच चांगलं इंजिन उगाच उघडलं जातं. एकेका सिलिंडरचा स्पार्क बंद करून पाहा. रॉडचा आवाज त्या सिलिंडरला लगेच बदलतो, प्लेटचा सहसा बदलत नाही. उलट ब्रेक दाबून डी मधून न्यूट्रलमध्ये आणलं की प्लेटचा आवाज बऱ्याचदा पालटतो. या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे टोकाचे बोल्ट तुटणं नेहमीचंच. ती टिकटिक थंड इंजिनाला येते आणि गरम झाल्यावर कमी होते, म्हणून तेही तपासून घ्यावं.

आता गेज बसवायचं कुठे? नव्या माणसाची पहिली अडचण हीच. ४एल६०-ई ची बेलहाउसिंग (इंजिनाला टेकणारं गिअरबॉक्सचं घंटेसारखं कवच) ॲल्युमिनियमची, इंजिनाचा ऑइल पॅनही ॲल्युमिनियमचा, आणि चुंबक दोन्हींना चिकटत नाही. एलएम७ चा ब्लॉक बिडाचा आहे, पण त्यावर सपाट जागा मिळणं कठीण. याच ५.३ लिटरमध्ये ॲल्युमिनियम ब्लॉकही आले, उदाहरणार्थ एल३३, तिथे तर चुंबक चिकटण्याचा प्रश्नच येत नाही. सोपा उपाय म्हणजे ६ ते ८ मिमी जाडीची लोखंडी पट्टी स्टार्टरच्या मोकळ्या झालेल्या बोल्टच्या भोकात एम१० बोल्टने घट्ट आवळायची आणि बेस तिच्यावर बसवायचा. साखळीसारख्या लवचिक हाताचा बेस घेऊ नका. तो हळूहळू खाली सरकतो आणि काटा खोटं सांगतो. एकाच नॉबने तिन्ही सांधे आवळणारा हात महाग पडला तरी या अडचणीच्या जागेत तोच कामाचा.

मापाआधीची तयारी: बॅटरीची निगेटिव्ह सोडा, चाकांना उटी लावा, ट्रक स्टँडवर घ्या, स्टार्टर आणि खालचं झाकण काढा. आठही स्पार्क प्लग काढले की क्रँक हाताने गुळगुळीत फिरतो. प्लग न काढता कॉम्प्रेशनशी झगडत फिरवलं तर प्रत्येक झटक्याला काटा नाचतो. क्रँक पुलीच्या बोल्टला २४ मिमीचा सॉकेट लावून समोरून पाहता घड्याळाच्या दिशेनेच फिरवा, उलट फिरवलं तर तो बोल्ट सैल पडू शकतो.

प्लंजरचं टोक रिंग गिअरच्या लगतच्या सपाट पत्र्यावर, काटकोनात टेकवा. दातावर किंवा वेल्डिंगच्या टाक्यावर नको. टोक तिरकं असेल तर माप खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. दीड-दोन मिमी दाबून शून्य करा आणि प्लेटवर मार्किंग पेनने १२ खुणा करा. यानंतरची गोष्ट बहुतेक जण विसरतात: क्रँकचा एंड प्ले, म्हणजे त्याची लांबीच्या दिशेने मागेपुढे होणारी मोकळीक. या इंजिनात तो ०.०४ ते ०.२० मिमीपर्यंत चालतो, आणि तेवढा खोटा रनआउट (डुगडुगीचा आकडा) मापात मिसळतो. म्हणून प्रत्येक खुणेवर क्रँक पुढच्या बाजूला हलकेच दाबून ठेवून मगच आकडा वाचायचा. पूर्ण फेरीनंतर काटा ०.०२ मिमीच्या आत शून्यावर परत आला नाही, तर सेटिंग हललं आहे असं समजा आणि ते सगळे आकडे टाकून द्या.

आकड्यांपेक्षा त्यांचा आकार जास्त बोलतो. एका फेरीत एकदाच संथ चढ-उतार असेल तर प्लेट वाकली आहे किंवा क्रँकच्या फ्लँजवर (प्लेट जिथे बोल्टने बसते त्या चकतीवर) ती सपाट बसलेली नाही. मधेच अचानक उडी दिसली तर तडा किंवा उखडलेलं वेल्डिंग. आणि तीन उंचवटे आले तर टॉर्क कन्व्हर्टरचे तीन बोल्ट प्लेटला ओढत आहेत. मर्यादा आपापल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यावी. कामचलाऊ अंदाज विचाराल तर रिंग गिअरपाशी ०.४ मिमीपर्यंत काळजी नाही, ०.८ च्या पुढे कारण शोधायला लागा.

या सगळ्यात सर्वात मोलाचं माप पुढचं. कन्व्हर्टरचे तीनही बोल्ट काढा, कन्व्हर्टर गिअरबॉक्सकडे मागे सरकवा आणि त्याच १२ खुणांवर पुन्हा वाचा. आकडा निम्म्याहून खाली आला तर प्लेट निर्दोष असण्याची शक्यता मोठी. मग संशय कन्व्हर्टरवर, त्याच्या नाकावर आणि क्रँकमधल्या त्याच्या खोबणीवर, किंवा ब्लॉक आणि बेलहाउसिंगमधल्या दोन डॉवेल पिनांवर (दोन्ही भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्यांवर). पिन हरवलेली असेल किंवा दोन तोंडांत वायरिंग चेपलं गेलं असेल तर गिअरबॉक्स क्रँकच्या अक्षाबाहेर बसतो. प्रत्येक फेरीत प्लेट मुडपते आणि बोल्टच्या वर्तुळाभोवती तडकते. अशा ट्रकमध्ये नुसती नवी प्लेट टाकली तर तीही तडकणार. याच वेळी कन्व्हर्टर किती मागे सरकतो तेही मोजा. ३ ते ५ मिमी हवं. काहीच सरकत नसेल तर तो गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण बसलेला नाही, आणि मग पंपाचं आयुष्य थोडंच उरलं आहे.

बोल्ट काढूनही आकडा तसाच राहिला, तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. प्लेट काढून थेट फ्लँजवर गेज लावा. तिथे कमाल ०.०५ मिमी चालतं. त्याहून जास्त आलं तर आधी फ्लँज आणि प्लेटची मागची बाजू साफ करून पुन्हा मोजा, गंजाची खपली पुरेशी असते. फ्लँजवरची लहानशी चूक प्लेटच्या कडेला काही पटींनी वाढून दिसते. बोल्टांभोवती तांबूस भुकटी दिसली तर जोड सैल होऊन घासत होता.

परत बसवताना क्रँकचे सहा एम११ बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने तीन टप्प्यांत: २०, ५०, १०० न्यूटन-मीटर. भोकं क्रँककेसमध्ये उघडतात, म्हणून आट्यांवर थ्रेडलॉकर (आटे पकडून ठेवणारा द्रव) हवाच, नाहीतर तेल पाझरतं. बेलहाउसिंग हाताने ब्लॉकला टेकली पाहिजे. बोल्टने ओढून टेकवली की पंप फुटतो. कन्व्हर्टरचे बोल्ट ६३ न्यूटन-मीटर, आणि लांबी मूळचीच. लांब बोल्ट आत टेकून कन्व्हर्टरचं कव्हर दाबतो आणि नवी डुगडुग तयार होते.

गेजबद्दल एकच तक्रार आहे. ट्रान्समिशन ऑइलचा बारीक थर प्लंजरवर बसला की काटा अडकत परत येतो. त्यावर तेल टाकू नका, स्पिरिटच्या फडक्याने पुसा. ब्रेक क्लीनरचा फवारा थेट गेजवर मारू नका, डायलची काच प्लॅस्टिकची असेल तर ती धुरकट होते.

आणि गेजची मर्यादाही लक्षात ठेवावी. हाताने सावकाश फिरवून घेतलेलं माप लोडखाली उघडणारा तडा दाखवत नाही. आकडे चांगले आणि खटखट मात्र चालूच, असं असेल तर प्लेट उतरवून स्वच्छ धुवा आणि बारीक तडे दाखवणारा डाय पेनिट्रंट वापरा: लाल द्रव, डब्यावर लिहिलेला वेळ, पुसणं, मग पांढरा डेव्हलपर. बोल्टच्या भोकांभोवती लाल रेघ उमटली तर वेल्डिंगचा विचार करू नका, प्लेट बदला.