डार्क टॉवरचा सातवा भाग: ई-रीडरवर वाचावा की कागदावर?

स्टीफन किंगच्या ‘डार्क टॉवर’ या कादंबरी-मालिकेचे सहा भाग संपवून सातव्यापाशी आलेल्यांसाठी लिहितोय. मी सातवा आधी ई-रीडरवर वाचला आणि काही महिन्यांनी कागदी प्रत घेऊन परत वाचला.

आधीचे सहाही भाग माझे पंचवटी एक्सप्रेसमध्ये झाले. नाशिकरोडला चढायचं, जागा मिळाली तर ठीक नाहीतर दारापाशी उभं राहून एका हाताने वाचायचं, कसारा घाटात बोगदा आला तरी स्क्रीनवर उजेड असतोच. तिथे आठशेच्या वर पानांचं धूड मला तरी झेपलं नसतं. फॉन्ट मोठा होतो, अडलेल्या शब्दाचा अर्थ तिथल्या तिथे मिळतो. प्रवासाला ई-रीडरच बरा.

पण शेवटाचं तसं नाही. डिसेंबरची रात्र, घरी सगळे झोपलेले, मी गोधडीत. खाली अजून थोडे टक्के शिल्लक दिसत होते म्हणून एखादं प्रकरण असेल असं धरून भराभर वाचत गेलो, आणि पुढे सरकवलं तर समोर इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगची कविता! १८५५ची, जिच्यावरून किंगला ही मालिका सुचली, ती शेवटी छापलीये, मग लेखकाचं मनोगत. म्हणजे आत्ता घाईत वाचलं तेच शेवटचं वाक्य होतं. पहिला भाग १९८२चा, सातवा २००४चा, एवढी मोठी वाट आणि ती संपली हे मला संपून गेल्यावर कळलं. मागे जाऊन परत वाचलं पण तो क्षण गेला तो गेलाच. फार लागलं ते मनाला.

कागदावर उजव्या अंगठ्याखालची पानं कमी होताना कळतात. शेवटाआधी किंग स्वतःच म्हणतो की इथवर समाधान असेल तर इथेच थांबा. ई-रीडरवर मी ते सरळ पुढे ढकललं होतं, कागदावर मात्र बोट घालून पुस्तक मिटलं आणि तसाच बसून राहिलो, उरलेली पानं चिमटीत मावत होती.

कुणाला हा फरक जाणवणारही नाही कदाचित. सातव्यानंतर २०१२ला आणखी एक भाग आला, तो गोष्टीत चौथ्या-पाचव्याच्या मधे बसतो, तो ई-रीडरवर खुशाल वाचा. सातवा मला कॉलेज रोडच्या दुकानात सांगून मागवावा लागला, तेव्हा सहावा अर्ध्यात असतानाच सांगून ठेवा, कारण सहावा असा अधांतरी सोडतो की पुस्तक येईपर्यंत धीर निघत नाही.