रिव्हर्स घेताना: सेन्सर, कॅमेरा की आपोआप लागणारा ब्रेक?

शोरूममध्ये व्हेरिएंटचा कागद पुढे आला की बहुतेकांचं इथेच अडतं. खालच्या व्हेरिएंटला नुसते सेन्सर, मधल्याला कॅमेरा, वरच्याला ३६० अंशांचा कॅमेरा आणि काही गाड्यांत मागे जाताना ब्रेकही आपोआप लागणारा.

सेन्सर आहेत म्हणून जास्त पैसे मोजू नका. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारमध्ये मागचे सेन्सर सक्तीचेच आहेत. बंपरवरच्या त्या गोल टिकल्या आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि तो आदळून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. एक मीटरवरच्या भिंतीवरून तो साधारण ६ मिलिसेकंदांत परततो. भिंत, दुसऱ्या गाडीचा बंपर त्यांना नीट कळतो. बारीक सळई, जमिनीलगतचा दगड, सुती कपडे मात्र निसटतात. नागपुरात महाल भागात एका वाड्यासमोर मी गाडी मागे घेत होते. बीप वाजलीच नाही आणि बंपर लोखंडी साखळीला जाऊन घासला. तेव्हापासून नुसत्या बीपवर माझा भरवसा नाही.

ती साखळी कॅमेऱ्यात दिसली असती. आमच्याकडे फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्येच पोट्टे खेळतात, त्यामुळे मागचा कॅमेरा मी अत्यावश्यक धरते. एवढंच लक्षात ठेवा की रुंद लेन्समुळे वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते आणि पावसाळ्यात काच चिखलाने माखते.

३६० अंशांच्या दृश्यासाठी चार कॅमेरे लागतात: पुढे, मागे आणि दोन्ही आरशांखाली. त्यांची चित्रं जोडून गाडी वरून पाहिल्यासारखी दिसते. इतवारीच्या गल्लीत दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते तेव्हा त्याची खरी किंमत कळते. चित्रं जुळतात त्या कोपऱ्यांत मात्र वस्तू वाकडी दिसते, कधी अर्धीच. रोज रुंद रस्त्यावरच गाडी लावत असाल तर हा खर्च टाळता येईल.

धरमपेठेत दोन गाड्यांच्या मधून मागे निघताना बाजूने स्कूटी येते आणि ती कॅमेऱ्यात फार उशिरा दिसते. बंपरच्या कोपऱ्यांतले रडार तिला आधीच टिपतात. पण काही गाड्या नुसता इशारा देतात, काही ब्रेकही लावतात. दोन्ही सोयींचं नाव जवळपास सारखंच असतं, तेव्हा हे थेट विचारा. ब्रेक लागणार असेल तर वरच्या व्हेरिएंटचे पैसे मला पटतात, इशाऱ्यापुरते नाही.

गाडी उभी केल्यावरचा ब्रेकही आपोआप लागणारा असू शकतो. हातब्रेकच्या जागी बटण असलं तर मोटर मागच्या चाकांचे ब्रेक आवळते, बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करताच आपोआप. घरातल्या विसराळू माणसासाठी उत्तम. बॅटरी पूर्ण उतरली तर मात्र हा ब्रेक सुटत नाही.

टेस्ट ड्राइव्हची गाडी आपल्याच पार्किंगमध्ये मागवा. मागे एक बादली ठेवा, गाडी सावकाश मागे घ्या आणि बीप कधी वाजते, स्क्रीनवर बादली कधी दिसते, ते पाहा.