लँडिंग लेग: वेल्ड करायचे की बोल्टवर घ्यायचे?

घोडा, म्हणजे ओढणारी पुढची गाडी, सुटला की ट्रेलर ज्या दोन पायांवर उभा राहतो ते लँडिंग लेग. ते बदलायला नागपूरजवळच्या वाडीत गेलात की एक मिस्त्री म्हणतो वेल्ड मारून टाकू, दुसरा म्हणतो बोल्टवर घ्या. माझ्याकडे दोन चाळीस फुटी आहेत, एकीवर वेल्ड, दुसरीवर बोल्ट. त्यामुळे पैसे दोन्हीकडे घालून झालेत.

वेल्ड स्वस्त पडतं, गाडी लवकर मोकळी होते आणि बोल्ट ढिले व्हायची भानगड नाही. ज्याचा घोडा महिन्यातून एखाद्या वेळी सुटतो, त्याने फार डोकं लावू नये.

माझं बिनसलं ते लेग वर-खाली करायच्या हँडलवरून. लेग लावताना मिस्त्रीने गुनिया लावला होता, मी शेजारीच उभा होतो. पण वेल्ड थंड होताना लोखंड ओढतं. एक लेग खालून जरासा आत गेला, डोळ्याला दिसेना. पाय समांतर नसले की दोन्ही पाय जोडणारा मधला शाफ्ट अडकतो. त्याला आडवं थोडं खेळायला जागा लागते, तीही आमच्याकडे उरली नाही. लेग हवेत असताना हँडल एका हाताने फिरायला पाहिजे. आमचं दोन हातांनी, वर शिव्या घालत.

मग ड्रायव्हर कंटाळा करणारच. जुलैत कापसीच्या यार्डात त्याने लेग जमिनीला टेकेपर्यंत फिरवलेच नाहीत. चार बोटं अंतर ठेवून घोडा पुढे काढला आणि भरलेला ट्रेलर धाडकन लेगवर आला. एक पाय काळ्या मातीत रुतला, दुसऱ्याच्या गिअरचे दात गेले. लेग काढायला गॅस कटिंग, चेसिसला आच, परत घासकाम. तीन दिवस गाडी उभी.

बोल्टवालीचाही लेग एकदा वाकला, पठ्ठ्याने वर न उचलताच गाडी हाणली होती. पण नट सोडले, नवा लेग चढवला, संध्याकाळी गाडी रस्त्यावर. बोल्ट कसण्याआधी ओळंबा धरून पाय हलवता येतो, हे मला जास्त आवडलं. अर्थात भोकं नेमकी जुळावी लागतात, आणि पहिल्या एक-दोन भरल्या फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट पुन्हा कसावे लागतात. तेवढं जमत नसेल तर बोल्टच्या नादी लागू नका.

काहीही घ्या, लेगला आधार देणाऱ्या तिरप्या पट्ट्या सोडू नका. घोडा जोडताना ट्रेलरला मागे ढकलतो, तो धक्का पुढच्या-मागच्या पट्टीवरच जातो. लेगच्या टोकाला बसणारा बूट चाकाचा नको, सपाट प्लेटचा घ्या. खाली जाड फळीही टाका. मे महिन्यात आपल्याकडे डांबरसुद्धा मऊ पडतं.

तुमच्या गाडीचं काम वेगळं असेल, हिशेबही वेगळा निघेल. मी मात्र पहिल्या ट्रेलरचेही लेग दिवाळीआधी बोल्टवर घेतोय. जुनं वेल्ड घासायचे मिस्त्री वेगळे पैसे मागतोय, त्यावरून अजून घासाघीस चालू आहे.